सायलेन्सर लागला आणि टॅपेट ऐकू यायला लागले

फिलरगेज (धागाकर्ता)

जुन्या मोटारींचा विषय निघाला की वेग, घोडाशक्ती आणि कोणत्या संस्थानिकाकडे किती गाड्या होत्या, यापलीकडे गप्पा सरकत नाहीत. आवाजाबद्दल कोणी बोलत नाही. पण १८९५ ते १९३० या काळात भल्याभल्या इंजिनियरांची झोप आवाजाने उडवली होती. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: नळीतून बाहेर पडणारी फटफट हा सोपा भाग होता. ती दहा-एक वर्षांत बऱ्यापैकी आटोक्यात आली. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. मोठा आवाज गेल्यावर त्याखाली दडलेले टॅपेट (व्हॉल्व्हना ढकलणारे तुकडे), टायमिंगचे गियर, क्रँकशाफ्टची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) थरथर, डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरचं) रडणं हे सगळं ऐकू यायला लागलं. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि महाग.

आधी नळी. पॉवर स्ट्रोक संपत आला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, पण तोवर सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेएवढा उतरलेला नसतो. कुकरची शिटी चिमट्याने एकदम उचलावी तसा तो वायू सुटतो. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरला क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे एक दणका, आणि सुरुवातीची बरीच इंजिनं एक-दोन सिलिंडरचीच. उपाय म्हणजे डबा. वायू मोठ्या जागेत सोडा, पसरू द्या, भोकं पाडलेल्या पत्र्यांमधून वळवा, गार होऊ द्या, आणि सुट्या दणक्यांची सलग धार करून बाहेर काढा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ मध्ये अशा सायलेन्सरचं पेटंट घेतलं. आदल्याच वर्षी त्यांनी स्वतःची मोटार बांधली होती, त्यामुळे गरज घरचीच होती.

व्यवहारात मात्र भानगडी निघाल्या. डबा लहान केला की वायू तुंबतो, इंजिनाला स्वतःचाच धूर ढकलत बसावं लागतं आणि ताकद जाते. त्या काळी इंजिनात तेलही भरपूर जळे, त्यामुळे भोकं काजळीने बुजत. वर कधी ठिणगी चुकली की न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटे. म्हणजे आवाज दाबायला लावलेला डबाच फटाके फोडायचा.

म्हणून कट-आउट आला. सायलेन्सरच्या आधी नळीला एक झडप आणि ड्रायव्हरच्या पायाशी तिचं पेडल. चढ लागला की पेडल दाबा, वायू थेट बाहेर. चढ संपल्यावर पाय उचलायची आठवण फार जणांना राहत नसे.

व्हॉल्व्हबद्दल जेवून आल्यावर लिहितो.

तिरपा_डोळा

पहिला! जेवण लवकर उरका.

उगाचच

छान विषय. पण आवाज कमी करण्यामागे खरा रेटा कशाचा होता हे राहिलं. सगळीकडे घोडे बुजण्याची गोष्ट सांगतात. घोडे बुजत, खरंच आहे. पण घोडेवाला मोटारीचा गिऱ्हाईक नव्हता. गिऱ्हाईक पळवत होती ती विजेवरची गाडी.

१९०० च्या आसपास अमेरिकेतल्या शहरांत बॅटरीवरच्या गाड्या चांगल्या खपत. हँडल मारायला नको, धूर नको, आवाज नको. पुढे तर खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. नवऱ्याने मॉडेल टी काढलेली असताना! पेट्रोलवाल्यांना ही शांतता गाठायचीच होती.

रॉल्स-रॉइसनेही १९०५ मध्ये व्ही-८ इंजिनाची गाडी काढली होती ती याचसाठी. शहरात फिरायला विजेच्या गाडीसारखी गुपचूप गाडी हवी, इंजिनही बुटकं हवं, म्हणजे पुढे बॉनेटचं नाक नको. तिच्या एका प्रकाराला इंग्लंडच्या तेव्हाच्या २० मैलांच्या वेगमर्यादेपलीकडे जाऊच नये असा गव्हर्नर लावला होता. नाव 'लीगालिमिट'. गाडी चालली नाही, पण हेतू बघा.

फिलरगेज

@उगाचच, मुद्दा मान्य. आता व्हॉल्व्ह.

बऱ्याच जुन्या इंजिनांत स्प्रिंगा, टॅपेट सगळं उघड्यावर असे, वर झाकण नाही. काही गाड्यांत तर इनलेट व्हॉल्व्हला कॅमच (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा फिरता उंचवटा) नसे. पिस्टनच्या ओढीने तो आपोआप उघडे आणि हलक्या स्प्रिंगने फटकन बंद होई. बडबड अखंड.

शिकागोत चार्ल्स येल नाइट नावाचे गृहस्थ दूधदुभत्याच्या धंद्याचं नियतकालिक काढत. त्यांनी नॉक्स कंपनीची एका सिलिंडरची, हवेने गार होणारी गाडी घेतली आणि तिच्या व्हॉल्व्हच्या खडखडाटाने ते वैतागले. दुसरा कोणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. या माणसाने व्हॉल्व्हच काढून टाकले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एकात एक बसणाऱ्या दोन स्लीव्ह घातल्या, त्यांना खिडक्या पाडल्या. बाजूच्या शाफ्टवरून दोन्ही स्लीव्ह सतत वरखाली सरकत राहतात. खिडक्या समोरासमोर आल्या की वायू आत किंवा बाहेर. कुठे काही आपटतच नाही, तर वाजणार काय?

१९०६ च्या शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी 'सायलेंट नाइट' नावाने मांडली. घरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकांनी फारसा भाव दिला नाही, तो दिला इंग्लंडच्या डेमलरने. इंजिन सुधारण्यात फ्रेडरिक लँचेस्टर यांचाही हात होता. १९०९ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली दोन इंजिनं १३२ तास लोडवर चालवली. मग ती चॅसीवर चढवून इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर प्रत्येकी २००० मैलांच्या आसपास पळवली. पुन्हा उतरवून ५ तास टेस्टबेंचवर. उघडून बघितलं तर झीज नावाला. क्लबची त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी डेमलरला मिळाली. पुढे बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सची पानार, जर्मनीची मर्सिडीज, अमेरिकेची स्टर्न्स, सगळ्यांनी परवाने घेतले. इंग्लंडच्या राजाच्या डेमलरमध्येही हेच इंजिन.

माझ्या मते आवाजाच्या लढाईतला सगळ्यात धीट डाव हाच. बाकीचे टॅपेटची फट कमी करत बसले होते, नाइटने टॅपेटच हद्दपार केला.

खटारा८

एवढं भारी होतं तर आज एकाही गाडीत का नाही?

फिलरगेज

तेल. दोन स्लीव्ह म्हणजे घासणारे पृष्ठभाग भरपूर. सगळीकडे तेल पोचवायचं तर थोडं ज्वलनकक्षात जाणारच. गाडीमागे निळसर धुराची रेघ ही नाइट इंजिनाची खूण झाली होती. थंडीत स्लीव्ह चिकटून बसत, सुरू करायला त्रास. बनवायला महाग. आणि तोवर साध्या व्हॉल्व्हची इंजिनंही शांत व्हायला लागली. अमेरिकेत विलीज-नाइट १९३३ मध्ये बंद झाली, डेमलरनेही त्याच दशकात साधे व्हॉल्व्ह पत्करले.

तिरपा_डोळा

निळ्या धुरावरून आठवलं. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिशांचा पहिला रणगाडा, १९१६ चा मार्क १, त्यात डेमलरचं हेच १०५ घोडाशक्तीचं नाइट इंजिन होतं. शांततेसाठी जन्माला आलेलं इंजिन, आणि रणगाड्याला सायलेन्सरच नाही! नळी थेट छपरातून वर. धुराने जागा शत्रूला कळे ती वेगळीच. पुढे इंजिनियर हॅरी रिकार्डो यांना नवं इंजिन करायला सांगितलं तेव्हा धूर निघता कामा नये ही अटच होती.

१९१८ मध्ये आमियाँच्या हल्ल्याच्या आधी रणगाडे पुढे सरकताना आवाज लपावा म्हणून वरून विमानं उडवली होती. हासुद्धा सायलेन्सरच म्हणायचा.

डेसिबल_काकू

माझं पोट याच धंद्यावर चालतं (पुण्यात गाड्यांचा आवाज आणि थरथर मोजते), त्यामुळे राहवलं नाही.

तिरपा_डोळा, विमानाची युक्ती आणि धाग्याचं शीर्षक हे एकच शास्त्र आहे. डेसिबल सरळ बेरजेने वाढत नाहीत. नळीचा आवाज ९० आणि व्हॉल्व्हचा ८० डेसिबल असेल तर दोन्ही मिळून साधारण ९०.४. म्हणजे व्हॉल्व्हसाठी कितीही पैसा ओता, मीटरचा काटा हलणार नाही. पण नळी ७५ वर आणली की एकूण ८१ च्या आसपास येतात, आणि आता सगळी सत्ता व्हॉल्व्हची. आमच्याकडे आजही हेच चालतं. सगळ्यात मोठा चोर आधी पकडायचा, मग दुसरा आपणहून समोर येतो.

पण "नळी सोपी" याच्याशी मी अर्धीच सहमत. ती आटोक्यात आली ती अंदाजपंचे. डबा मोठा कर, पत्रे वाढव, ऐकून बघ. दणक्यातला खर्जाचा भाग अडवायला डब्याचा आणि नळ्यांचा आकार हिशोबाने ठरवावा लागतो, आणि ध्वनीच्या फिल्टरचं नीट गणित जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट यांनी मांडलं ते १९२२ मध्ये. त्याआधीच्या लोकांनी कान आणि पत्र्याची कात्री एवढ्यावर काम भागवलं. मला त्याचं कौतुकच वाटतं.

आता क्रँकशाफ्ट, कारण यावर कोणी लिहीत नाही. १९०३ च्या शेवटी इंग्लंडच्या नेपियर कंपनीने सहा सिलिंडरची गाडी जाहीर केली. ओळीतले सहा सिलिंडर म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याचे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्ण मारतात, दणकेही जवळजवळ येतात, त्यामुळे नळीचं कामही हलकं. सगळं छान. फक्त क्रँकशाफ्ट लांब झाला, आणि लांब दांडा पिळवटतो. एका ठरावीक वेगाला सिलिंडरचे दणके आणि दांड्याची पिळवटण्याची स्वतःची लय जुळली की गाडीभर भयंकर घरघर. नेपियरचे विक्रेते सेल्विन एज यांनी तिला 'पॉवर रॅटल' असं नाव देऊन टाकलं, म्हणजे ही ताकदीची खूण समजा! विक्री विभाग तेव्हाही तोच होता.

रॉल्स-रॉइसच्या रॉइस यांच्या पहिल्या सहा सिलिंडरी ३० घोडाशक्तीच्या गाडीचे क्रँकशाफ्ट याच दुखण्याने मोडत. म्हणून पुढच्या ४०/५० या गाडीत त्यांनी तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे केले, जाड क्रँकशाफ्ट घातला आणि त्याला सात बेअरिंग दिली. लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास क्रँकच्या पुढच्या टोकाला बसणाऱ्या डँपरचं पेटंट घेतलं. आत चकत्या आणि मध्ये तेल. दांडा पिळवटायला लागला की ती ऊर्जा तेलात जिरते. आज तुमच्या गाडीच्या क्रँक पुलीत जी रबराची कडी असते, ती याच कुळातली.

खटारा८

काकू, जबरदस्त! चार सिलिंडरचं काय?

डेसिबल_काकू

चारचं दुखणं वेगळं. कनेक्टिंग रॉड तिरका होतो म्हणून पिस्टनची वरच्या अर्ध्यातली आणि खालच्या अर्ध्यातली हालचाल सारखी नसते. त्यामुळे क्रँकच्या दुप्पट वेगाने वरखाली हादरा बसतो आणि चारही सिलिंडरचे हादरे एकाच वेळी एकाच दिशेने. लँचेस्टर यांचा इलाज: एकमेकांच्या उलट फिरणारे, क्रँकच्या दुप्पट वेगाचे दोन वजनदार शाफ्ट. मित्सुबिशीने १९७० च्या दशकात तेच पुन्हा बाजारात आणलं आणि ९४४ या गाडीसाठी पोर्शनेही मित्सुबिशीकडून परवाना घेतला. लँचेस्टर यांचं पेटंट तोवर केव्हाच संपलं होतं.

मिडलँड्सवासी

कॉव्हेंट्रीजवळ असतो. लँचेस्टर, डेमलर म्हणजे आमचं गावच. इथल्या वाहतूक संग्रहालयात जुन्या गाड्या आहेत, आलात तर एक दिवस काढून ठेवा.

ब्रुकलँड्सचा उल्लेख आलाय म्हणून भर घालतो. तो ट्रॅक जून १९०७ मध्ये उघडला आणि त्याच महिन्यात काकूंच्या पॉवर रॅटलवाल्या एज यांनी तिथे नेपियर सलग २४ तास चालवली. ताशी सरासरी ६५ मैलांच्या वर. ट्रॅकभर लाल कंदील लावून रात्रभर. आसपासच्या बंगलेवाल्यांना काय वाटलं असेल ते विचारू नका. परिणाम असा की तिथे रात्री गाड्या पळवायला बंदी आली ती कायमची. १९२९ मध्ये २४ तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती शुक्रवारी १२ तास आणि शनिवारी १२ तास अशी तोडून घ्यावी लागली, रात्री गाड्या कुलपात. नावच 'डबल ट्वेल्व्ह'.

दिवसाच्या आवाजावरूनही रहिवासी १९२४ मध्ये कोर्टात गेले. मग ट्रॅकवर येणाऱ्या प्रत्येक गाडीला ठरलेल्या मापाचा सायलेन्सर सक्तीचा झाला. मोठा गोल डबा आणि मागे माशाच्या शेपटीसारखी चपटी नळी. 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणतात. ड्रायव्हरांनी कुरकुर केली, पण शर्यती चालूच राहिल्या.

उगाचच

म्हणजे इंग्लंडातही शेवटी शेजाऱ्यांनीच केलं. इंजिनियरांनी नव्हे.

खटारा८

आता मला शिव्या पडणार. माझ्या बुलेटला मी मोकळा सायलेन्सर लावलाय आणि पिकअपमध्ये फरक जाणवतो. म्हणजे कट-आउटवाले अगदीच वेडे नव्हते.

डेसिबल_काकू

खटारा८, आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. कानाचा भ्रम आहे, घड्याळ लावून बघा. १९०५ च्या सायलेन्सरमध्ये वायू खरोखर तुंबायचा, तेव्हा कट-आउटने थोडा फायदा होत असेल. तुमच्या कंपनीने डबा आणि नळीची लांबी इंजिनाला जुळवून दिलेली असते. ती काढली की एखाद्या आरपीएमला चार आणे मिळतील, दुसऱ्या ठिकाणी आठ आणे जातील.

मिडलँड्सवासी

आणि कायदा? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२०. प्रत्येक वाहनाला 'एक्स्पान्शन चेंबर' किंवा इतर मार्गाने आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर हवाच. भाषा बघा, फिलरगेजनी वर सांगितलेला डबाच आहे तो. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात ते व्हिडिओ इथे बसून आम्हीही बघतो.

तिरपा_डोळा

खटारा८ यांच्या सायलेन्सरला भावपूर्ण श्रद्धांजली.

अवांतर: बंदुकीचा सायलेन्सर काढणारे हायरम पर्सी मॅक्सिम हे मुळात मोटारीचे इंजिनियर. मशीनगनवाल्या मॅक्सिम यांचे चिरंजीव. १८९५ पासून हार्टफर्डला पोप कंपनीत गाड्या बनवत होते. १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट, मग त्याच तत्त्वावर इंजिनांचेही. बापाचे कान बंदुकांच्या चाचण्यांत गेलेले आणि मुलाने आयुष्य आवाज मारण्यात घालवलं. गंमत म्हणजे अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसला, तोही तेव्हाचे २०० डॉलर.

सुमार_मिस्त्री

सगळे मोठमोठं बोलताय, टायमिंग गियर राहिले की! वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे हा आवाज माझ्या ओळखीचा.

क्रँकवरून कॅम फिरवायला लोखंडी दातेरी चाकं लावली की ती ओरडतात. दात तिरपे कापले की ओरडणं कमी होतं. दुसरा मार्ग चेनचा. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८९५ मध्ये उलट्या दातांच्या पट्ट्यांची चेन काढली, ती 'सायलेंट चेन' म्हणूनच विकली जाई. तिसरा मार्ग म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेला फायबर गियर. लोखंडावर फायबर, आवाज जवळजवळ नाही. जुन्या सहा सिलिंडरी शेव्हरोलेत असायचा. वडील म्हणायचे, हा गियर मरेपर्यंत बोलत नाही आणि मरतानाही सांगत नाही. दात उडाले की गाडी जागच्या जागी बंद, भर घाटात असली तरी.

बाकी बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर घालणं ही फार साधी गोष्ट वाटते, पण प्लिमथने १९३१ मध्ये 'फ्लोटिंग पॉवर' म्हणून जाहिरात करेपर्यंत बहुतेकांची इंजिनं चॅसीला थेट बोल्टने आवळलेली. सित्रोएनने त्याचा परवाना घेऊन गाडीच्या तोंडावर हंस लावला.

पाटीकोरी

धागा वाचतेय, मजा येतेय. बाळबोध प्रश्न विचारू का? टॅपेट फटीमुळे वाजतात ना? मग फट ठेवायचीच कशाला?

सुमार_मिस्त्री

ताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. थंड असताना फट शून्य ठेवली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, उघडा राहतो, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून वाजलेला टॅपेट परवडला, गप्प टॅपेट वाईट. गॅरेजात कोणी "टॅपेट एकदम शांत करून द्या" म्हणालं की वडील हात जोडायचे.

फिलरगेज

यावर तोड होती, पण उशिरा आली. टॅपेटच्या पोटात तेल भरायचं. इंजिनाचं तेल दाबाने आत शिरतं आणि फट आपोआप भरून काढतं. दांडी लांबली की जादा तेल हळूहळू बाहेर झिरपतं. फ्रान्सच्या आमेदे बोले यांनी १९१० मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. विक्रीच्या गाडीत ही युक्ती आणली कॅडिलॅकने, १९३० च्या व्ही-१६ मध्ये. सोळा सिलिंडर, ओव्हरहेड व्हॉल्व्ह, आणि तरी टॅपेटची टकटक नाही. फिलरगेज म्हणजे ही फट मोजायची पट्टी, त्यामुळे अशा इंजिनावर आमच्या आयडीला काही काम उरत नाही.

डिफरन्शियलचं रडणं राहिलंय. वर्म ड्राइव्ह, तिरप्या दातांचे बेव्हल आणि पॅकार्डने १९२६ च्या सुमारास आणलेला हायपॉइड, या गियरच्या प्रकारांवर लिहिण्यासारखं बरंच आहे. सुमार_मिस्त्री, तो भाग तुम्ही घ्याल का? गियर ऑइलचे किस्से तुमच्याकडेच असणार.

सुमार_मिस्त्री

रविवारी. गणेश पेठेतला एक जुना मिस्त्री अजून आहे, त्याला विचारून लिहितो.